नवजात बाळाचा सेप्सिस : गावातच इंजेक्शन देण्याची मुभा कुठून आली?

नवजात बाळाला सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुदोष, झाल्याची शंका आली की ताबडतोब दवाखान्यात भरती करायचं, हा मूळ नियम आहे. पण २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला एक जोड दिली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला भरती करणं शक्यच नसेल, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देऊन जवळच उपचार करावेत. बेशुद्ध पडलेल्या किंवा झटके येणाऱ्या बाळांना ही सवलत लागू नाही.

या सवलतीची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघरी जाऊन पाहणी केली. त्यांपैकी ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली फक्त २.६ टक्के बाळांना. ‘दवाखान्यात न्या’ हा सल्ला तिथे कागदावरच राहत होता.

मग पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं. रक्ततपासणीची सोय नव्हती, म्हणून निदान लक्षणांवर बेतलं. बाळ आधी नीट रडत होतं, आता रडणं क्षीण झालं. आधी चांगलं दूध ओढायचं, आता ओढत नाही. हातपाय लुळे पडले, अंग गार लागतं. ‘आधी’ आणि ‘आता’ यांतला हा फरक आईलाच सर्वांत अगोदर कळतो. तिच्या शब्दाला निदानात जागा मिळाली, ही मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आरोग्यदूतांनी जेंटामायसिन आणि को-ट्रायमोक्साझोल ही प्रतिजैविकं द्यायला सुरुवात केल्यावर सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

जागतिक सूचना यायला त्यानंतरही सोळा वर्षं लागली. मधल्या काळात बांगलादेश, पाकिस्तान, काँगो, केनिया आणि नायजेरियात सोप्या औषधयोजनांच्या मोठ्या चाचण्या झाल्या.

भारतात २०११ पासून आशांच्या नवजात-भेटी सुरू झाल्या. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची परवानगी मिळाली, पण ती एएनएमना, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकांना. एका एएनएमकडे अनेक गावं असतात. गडचिरोलीत सुई गावातच राहणाऱ्या बाईच्या हाती होती, आणि बाळ रात्री दूध ओढेनासं झालं तर तिचं घर हाकेच्या अंतरावर होतं.