जांभ्याला लाली कुणी दिली?

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना कडेला काळा कातळ दिसतो. कास पठारावर पोचलं की पायाखाली लाल, भोकाभोकांचा जांभा. फुलांचे फोटो काढायला लोक गुडघ्यावर बसतात, दगडाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, ही माझी जुनी तक्रार.

जांभा म्हणजे त्या काळ्या कातळाचंच म्हातारपण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर साचले. पुढे लाखो पावसाळ्यांनी ते धुतले. पावसाचं पाणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जरासं आम्लधर्मी असतंच, मुळांच्या आणि मातीतल्या जिवाणूंच्या श्वासानं ते आणखी आम्लधर्मी होतं. त्यात कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका विरघळून गेलं. आजही कासचं पाणी उरमोडीतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं. समुद्रातले जीव असल्याच कॅल्शियमची कवचं बांधतात आणि हवेतून आलेला कार्बन त्यांत कोंडला जातो.

मग लोखंड मागे का राहिलं? काळ्या कातळात ते ज्या रूपात असतं, ते रूपही पाण्यात विरघळणारं. पण सुटल्या सुटल्या ऑक्सिजन त्याला गाठतो आणि गंजवतो. गंज काही विरघळत नाही. बांधावर विसरलेलं खुरपं दिवाळीत सापडतं तेव्हा त्याला जो रंग चढलेला असतो, तोच या पठाराचा.

हा ऑक्सिजन पृथ्वीला जन्मजात मिळालेला नाही. समुद्रातल्या सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जिवाणूंनी उन्हाच्या जोरावर पाणी फोडलं, ऑक्सिजन बाहेर टाकला, आणि सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत टिकू लागला. त्याआधीची माती जगात काही ठिकाणी दगड होऊन शिल्लक आहे. तिच्यातलं बरंचसं लोखंड पावसानं धुऊन नेलेलं आढळतं. म्हणजे तेव्हा कास असतं, तर जांभा असा लाल झालाच नसता.

आता हाच जांभा झाडांना नाचवतो. वर माती जेमतेम बोटभर, तीत नत्राचा दुष्काळ. म्हणून दवबिंदू नावाचं रोपटं पानांवर चिकट थेंब मिरवतं आणि त्यात अडकलेली चिलटं पचवतं. सीतेची आसवं ही फुलं वरून नाजूक, जांभळी. पण ओल्या मातीत त्यांच्या रोपट्याच्या बारीक पिशव्या दबा धरून असतात. पिशवीच्या तोंडाशी एखादा सूक्ष्म जीव घासला, की पापणी लवायच्या आत पाण्यासकट आत ओढला जातो.