पार्श्वभूमी : पहिलीपासून इंग्रजी आणि वयाचा युक्तिवाद

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० मध्ये. त्याआधी ते पाचवीपासून होते आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ तर आठवीपासून. या उलथापालथीमागे राजकारण होतेच, पण मूल भाषा कशी शिकते याबद्दलचे कुठले ना कुठले मानसशास्त्रही दर वेळी पुढे केले गेले.

पाचवीच्या इंग्रजीवर छाप होती ती सवयीच्या मानसशास्त्राची. व्याकरण आणि भाषांतराची जुनी रीत बाजूला सारून १९५० च्या दशकात वाक्यरचनांची पद्धत आली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली, तेव्हा बोलबाला याच पद्धतीचा होता. बाईंनी पेन उचलून ‘धिस इज अ पेन’ म्हणायचे, वर्गाने एका सुरात ते घोकायचे, मग पेनच्या जागी पुस्तक आणि पुस्तकाच्या जागी डस्टर. चूक होऊच द्यायची नाही, कारण चुकीचीही सवय जडते. ही पद्धत मूळची ब्रिटिश. अमेरिकी प्रयोगशाळांत उंदीर-कबुतरांना सवयी लावण्याचे जे प्रयोग चालत, त्यांच्याशी तिचे थेट नाते नव्हते, पण भाषा म्हणजे सवय हे गृहीतक दोन्हीकडे सारखेच होते. त्याची अमेरिकेत १९५९ मध्येच चिरफाड झाली. आपल्या वर्गांत पेन आणि डस्टर पुढेही कित्येक वर्षे टिकले.

याला छेद देणारा प्रयोग भारतातच झाला. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत, मुख्यतः बंगळूर आणि मद्रासकडे, रचना शिकवणेच सोडून दिले गेले. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे आणि कोणती गाडी पकडली तर वेळेत पोचू, हे इंग्रजीतून शोधायला लावायचे. लक्ष अर्थावर असले की व्याकरण नकळत मुरते, ही त्यामागची धारणा. महाराष्ट्रात कृतींवर आधारलेली पुस्तके आणि दहावीची कृतिपत्रिका यायला पुढे बराच काळ जावा लागला. आणि कृतिपत्रिकेचीही गाइडे बाजारात आलीच!

२००० च्या निर्णयाचे समर्थन मात्र एका वेगळ्याच धारणेवर उभे होते : लहान वयात भाषा लवकर येते. हिची मुळे १९५९ मधल्या माँट्रियलच्या एका मेंदू-शल्यविशारदाच्या आणि १९६७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासकाच्या मांडणीत आहेत. पैकी दुसऱ्याचा पुरावा प्रामुख्याने पहिल्या भाषेचा होता : मेंदूला इजा झालेली मुले, बहिरी मुले. शिवाय लहान वयाचा फायदा ठळक दिसतो तो परदेशी जाऊन राहिलेल्या, दिवसभर ती भाषा कानावर पडणाऱ्या मुलांत. तिथेसुद्धा सुरुवातीचा वेग मोठ्यांचाच जास्त असतो, हे नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या पाहणीत १९७८ मध्येच दिसले होते. लहान मुले पुढे जातात ती पुष्कळ काळ गेल्यावर.

आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळची तुलना बार्सिलोनाची. तिथे इंग्रजीची सुरुवात अकराव्या वर्षावरून आठव्यावर आणली गेली. संशोधकांना दोन्ही गट आयतेच मिळाले. तितकेच तास शिकल्यावर उशिरा सुरुवात केलेली मुलेच बहुतेक चाचण्यांत सरस ठरली. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसाला एक तासिका, वर्गाबाहेर इंग्रजीचा एक शब्द नाही आणि शिकवणारे गुरुजी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेले. इथे बार्सिलोनाचा निष्कर्ष जास्त लागू पडतो, माँट्रियलचा नव्हे. पहिलीच्या पुस्तकात बडबडगीते, चित्रे आणि ‘स्टँड अप, सिट डाउन’सारख्या सूचनांवर भर होता, ते शहाणपणाचे होते. पण निर्णयाच्या बाजूने खरे बळ होते ते पालकांचे. गावात इंग्रजी माध्यमाची पिवळी बस येऊ लागली होती आणि मराठी शाळांचे पट घसरत होते. समान संधीचा हा मुद्दा वजनदार होता. त्याला मेंदूविज्ञानाचा टेकू देण्याची गरज नव्हती.

पुढे सेमी-इंग्रजीने हा प्रश्न आणखी गुंतवला, कारण त्यात इंग्रजी हा विषय न राहता गणित-विज्ञानाचे माध्यम झाले. मग एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि वयाचा युक्तिवाद उलट्या बाजूने आला : सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार नको, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या. २९ जूनला एप्रिलचा आणि नंतरचा सुधारित असे हिंदीबाबतचे दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. पहिलीचे इंग्रजी मात्र त्या वादात फारसे कोणी काढले नाही.