बॅटरीची खोली गेली, तेव्हापासून

टेबलाखाली पाय ठेवायच्या जागेत एक काळा डबा असतो: यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर संगणकाला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारे यंत्र. लाइट गेली की तो बीप करतो आणि एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही. या न बघण्यालाही इतिहास आहे, आणि तो संगणकाच्या आधी सुरू होतो.

शिसे आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. तिचा मोठा उपयोग पुढे टेलिफोन एक्स्चेंजने केला. गावात अंधार असला तरी फोन चालायचा, कारण एक्स्चेंजची यंत्रणाच ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चाले आणि वीज मंडळाची वीज फक्त ती बॅटरी भरत राही. या बॅटरीला स्वतंत्र खोली असे. आम्लाचा वास, हायड्रोजन बाहेर काढणारा पंखा, आणि हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, बुडवून प्रत्येक सेलचा आकडा वहीत लिहिणारा माणूस. वीज खंडित होऊच द्यायची नाही, अशा यंत्रणेचे पेटंट अमेरिकेत जॉन हॅनली यांना १९३४ मध्ये मिळाले.

मोठे संगणक आले तेव्हा सुरुवातीला त्यांच्यासाठी फिरणारी यंत्रे होती: मोटर, तिला जोडलेला जनित्र आणि मध्ये जड चक्र. वीज गेली तरी चक्र काही सेकंद फिरत राही, तेवढ्यात डिझेल इंजिन सुरू करायचे. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर, म्हणजे मोठी वीज पेलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आणला आणि बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेपासून (डीसी) घरातली दिशा बदलत वाहणारी वीज (एसी) बनवायला फिरत्या भागांची गरज उरली नाही. बॅटरीची खोली मात्र अजून शाबूत होती.

ती गेली सीलबंद बॅटरीमुळे. आम्ल जेलमध्ये किंवा काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवायचे, तयार होणारा वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात बदलायचा, पाणी टाकायचे कामच नाही. १९७०च्या दशकात ही बॅटरी बाजारात रुळू लागली. छोटा यूपीएस शक्य झाला तो तिच्यामुळे. एपीसी ही कंपनी १९८१ मध्ये सौरऊर्जेसाठी स्थापन झाली होती. काही वर्षांतच ती यूपीएसकडे वळली, आणि तेव्हा घराघरांत पीसी शिरत होता. बॅटरीवर शब्द छापला गेला ‘मेंटेनन्स फ्री’. त्याचा खरा अर्थ एवढाच, की पाणी टाकावे लागत नाही. आपण मात्र ‘बघावेही लागत नाही’ असा घेतला.

महाराष्ट्रात याची किंमत भारनियमनाच्या वर्षांत मोजावी लागली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाले, त्याच सुमारास लोडशेडिंग कळसाला पोचत होते. टेबलाखालचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांसाठी बनवलेला: फाइल सेव्ह करा, संगणक बंद करा. आपण त्याच्यावर काम रेटत राहिलो. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी व्हायची आणि पूर्ण भरण्याआधी लाइट पुन्हा जायची. अशा अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात, आणि ते पुढे नीट निघत नाहीत. मग बॅटरी ‘फुल’ दाखवते आणि दोन मिनिटांत मान टाकते.

काहींनी इन्व्हर्टर घेतला आणि संगणकही त्यालाच जोडला. लाइट गेली की पंखा चालू राही, संगणक मात्र रीस्टार्ट. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन, कसाबसा तग धरतो. इन्व्हर्टर बॅटरीवर त्याहून सावकाश पालटायचा. म्हणून कित्येक इन्व्हर्टरांच्या पाठीमागे ‘यूपीएस मोड’ची कळ असते. ती न हलवताच वर्षे काढलेला एक डीटीपीवाला माझ्या ओळखीचा आहे. लग्नपत्रिकांच्या हंगामात त्याने किती मजकूर पुन्हा टाइप केला, ते त्यालाच ठाऊक.

दुसरा शत्रू उष्णता. सीलबंद बॅटरीचे आयुष्य २०-२५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मे होते. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात, भिंतीला चिकटवलेल्या डब्यात, चार्जरच्या शेजारी बसलेली बॅटरी दोन वर्षांत गेली तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. मोठ्या यूपीएसमध्ये सोळा-वीस बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यातली एक कमजोर झाली की सगळी ओळ तिच्याच मापाची होते, आणि तिथे एकच नवी घातली तर तीही जुन्यांबरोबर झिजते. यूपीएसमधले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) आणि पंखेही काही वर्षांनी बदलावेच लागतात, पण बिल बघून लोक तेवढे वगळतात.

आता लिथियमच्या बॅटऱ्या येताहेत. त्यांच्यात प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि तापमान मोजणारे सर्किट असते. एक्स्चेंजमधल्या त्या वहीवाल्याचे काम ते करते. शिशाच्या बॅटरीवर चालणारे बरेच छोटे यूपीएससुद्धा स्वतःची चाचणी घेतात आणि बॅटरी कमजोर झाल्याचे संगणकाला कळवतात, वेळ आली तर तो रीतसर बंदही करतात. त्यासाठी यूएसबीची एक केबल जोडावी लागते. ती खोक्यात मिळते, आणि बहुतेक ठिकाणी अजून खोक्यातच असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.