हरवलेल्या मुलाचा तपास थंडावलाय? आधी हातातल्या कागदावर कसला नंबर आहे ते पाहा

मूल हरवून वर्षं लोटलेल्या बहुतेक पालकांच्या पिशवीत घड्या पडून फाटायला आलेला एक कागद असतो. त्याला ते ‘एफआयआर’ म्हणतात. तो एकदा नीट वाचा. वर ‘मनुष्य मिसिंग रजि. नं.’ असेल तर ती नुसती नोंद आहे. ‘गु. र. नं.’ (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलम असेल तरच गुन्हा दाखल आहे. सगळं इथेच अडतं. कारण गुन्हाच नसेल तर पुढे पोलीस उपायुक्त, कोर्ट, तस्करीविरोधी कक्ष, कुणाकडेही गेलात तरी पहिला प्रश्न तोच येतो.

सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी सांगितलं आहे की 18 वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं धरून चालायचं आणि गुन्हा नोंदवायचा. 24 तास थांबा, नातेवाइकांकडे बघून या, पोरगी स्वतःहून गेली असेल, याला कुठेही आधार नाही. तरी ठाण्यात हे आजही ऐकू येतं. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर कलम जुनंच, भारतीय दंड विधान (भादंवि) 363. नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं 137(2).

ठाण्याने नकार दिला तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्काही देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना. त्यानंतर दंडाधिकारी. पोस्टाची पावती फेकू नका, कोर्टात तीच लागते.

हद्दीचा घोळ पुण्यात जरा जास्तच आहे. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय 2018 मध्ये वेगळं झालं. निगडीचं जुनं प्रकरण तेव्हा पुणे शहर पोलिसांकडे होतं, चाकणचं ग्रामीणकडे. मूल पुणे स्टेशनवरून हरवलं असेल तर लोहमार्ग पोलीस. नव्या तक्रारीसाठी हद्दीचं कारण चालत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, मग तो हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवला जातो. जुन्या फाइलसाठी मात्र ती आता कुठल्या ठाण्याकडे आहे, हे लेखी विचारा.

कागदपत्रांचं म्हणाल तर गुन्हा नोंदवायला आधार कार्ड ही अट नाही. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या कुटुंबांना याच कारणाने परत पाठवतात, ते चूक आहे. असेल तर फोटो, जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड द्या. नसेल तर वय, अंगावरच्या खुणा, बोलीभाषा जबाबात लिहून घ्यायला सांगा. पाच वर्षांखालच्या बाल आधारात बोटांचे ठसे नसतात, म्हणून नुसत्या त्या नंबरावर विसंबू नका.

आता मुदती. ‘चार महिने झाले, आता काही होत नाही’ हे वाक्य उलटं समजलं जातं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक (म्हणजे तस्करीविरोधी) कक्षाकडे जायला हवा आणि त्या कक्षाने दर तीन महिन्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अहवाल द्यायला हवा, असं 2016 चे बाल न्याय नियम सांगतात. म्हणजे पुण्यात शिवाजीनगर कोर्टात, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या या प्राधिकरणाकडे अर्ज करून आपल्या प्रकरणाचा अहवाल आला का, हे विचारता येतं. फार थोडे पालक विचारतात. हा अर्ज आईच्या नावाने करा. मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही, वडिलांना बहुधा उत्पन्नाचा दाखला काढत बसावं लागेल.

दुसरी, सात वर्षांची. ती वारसा, विमा अशा बाबींत मृत्यू गृहीत धरण्याची आहे. तिने गुन्ह्याचा तपास बंद होत नाही. या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने मुदतबाह्य होण्याचा प्रश्नच येत नाही.

‘इथे सही करा’ म्हणून पुढे येणारा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. गुन्हा खरा पण छडा लागला नाही, असा ‘अ’ समरीचा अहवाल कोर्टात जातो. तो मान्य करण्याआधी फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हरकत तेव्हाच घ्या, कुठला सीसीटीव्ही पाहिला नाही, कुणाचा जबाब घेतला नाही, हे नावानिशी लिहा. पत्ता बदलला असेल तर ठाण्याला लेखी कळवा. नोटीस जुन्या खोलीवर जाते आणि प्रकरण परस्पर मिटतं.

माहिती अधिकारात ‘तपास कुठपर्यंत आला’ असं मोघम विचारलंत तर तपास चालू असल्याचं कारण देऊन नकार येतो. त्याऐवजी फाइल कुठल्या कक्षाकडे आहे, कुठल्या तारखेला वर्ग झाली, समरी पाठवली का, एवढंच विचारा. महाराष्ट्रात एक अर्ज, एक विषय, 150 शब्द. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

बेवारस मृतदेहांशी डीएनए जुळवून पाहण्याची विनंती तपासी अधिकाऱ्याकडे लेखी करा. फार जड जातं, पण अनेक घरांत उत्तर तिथूनच येऊ शकतं.

पत्रकावर सगळ्या खुणा छापू नका. ‘मूल सापडलंय, पैसे पाठवा’ म्हणणारे फोन हमखास येतात, तेव्हा न छापलेली एक खूण त्यांना विचारा. आणि घरचा जुना मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका, मुलाला पाठ असेल तर तोच असेल.