हळकुंडांवरचं पिवळं शिसं

बांगलादेशातल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. जवळपास ना कारखाना, ना शिसं वितळवणारी भट्टी. ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही आरोग्य-संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी मग माती, भांडी, धान्य, मसाले असं सगळंच तपासायला घेतलं. शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या अणूंचं, प्रमाण खाणीगणिक थोडं बदलतं, त्यामुळे ते कुठून आलं याचा माग काढता येतो. रक्तातल्या शिशाचा हा ठसा जुळला तो हळदीशी.

शेतातल्या हळदीचा दोष नव्हता. हळद शिजवून, वाळवून हळकुंडांना ढोलात पॉलिश करतात, हे सांगली-हिंगोलीकडच्या वाचकांना सांगायला नको. बांगलादेशात पॉलिश करताना लेड क्रोमेट हे शिशाचं संयुग टाकत. रंगात आणि प्लास्टिकमध्ये घालायचं हे पिवळंजर्द रसायन! १९८०च्या दशकात मोठ्या पुरात हळद भिजून काळपट पडली, तेव्हा ती खपवायला हे सुरू झालं, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं आणि ते अमुक इतकं चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही.

भेसळीचा धोका जोखताना तीन गोष्टी बघाव्या लागतात: फायदा किती, संधी कुठे आणि पकडलं जाण्याची भीती किती. इथे पिवळ्याधमक हळकुंडाला भाव जास्त मिळे, शिवाय रंग चढवला की घासायचे कष्टही वाचत. संधी पॉलिशच्या गिरणीत होती. भीती मात्र नव्हतीच, कारण नुसत्या डोळ्यांनी शिसं ओळखणार कोण? मला वाटतं, कायद्याच्या कलमांआधी हा हिशेब मांडायला हवा. नेमका घाव कुठे घालायचा ते त्यातूनच कळतं.

२०१९मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. बांगलादेशच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाजारांत इशाऱ्याची पत्रकं लावली. हातात धरून जागच्या जागी शिसं दाखवणारं क्ष-किरण यंत्र घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात छापा घातला, माल जप्त केला, व्यापाऱ्यांना दंड ठोठावला. टीव्हीवर हे सगळ्या देशाने पाहिलं. २०१९मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं.