९ सप्टेंबर : गाण्यांच्या इतिहासातली तारीख

९ सप्टेंबर हा वर्षाचा २५२ वा दिवस, लीप वर्ष असेल तर २५३ वा. जगभरात लोकप्रिय संगीताच्या दिनदर्शिका निघतात त्यात या तारखेला अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्ली पहिल्यांदा एड सलिव्हनच्या टीव्ही शोवर आला हे हमखास असतं, जॉन लेननचा अल्बम असतो, तो ज्या इंग्लिश बँडमध्ये होता त्या बीटल्सच्या सीडी असतात. सोलापूरचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी नसतं, आणि ते असायलाच पाहिजे, कारण लता मंगेशकरांनी वडिलांसोबत पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात गायलं ते याच तारखेला, १९३८ साली, आपल्या सोलापुरात. म्हणून ही नोंद तिथूनच सुरू करतो.

तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव, भोंग्यावर चालणारं, आणि नाटकाचं, गाण्याचं वेड असलेलं. लताचे वडील मास्टर दीनानाथ हे नाव इथं कुणाला सांगावं लागत नव्हतं, त्यांच्या बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीमुळे त्यांची नाट्यपदं लोकांना पाठ होती. कंपनीचे भरभराटीचे दिवस तोवर मागे पडले होते, पण दीनानाथांचं गाणं ऐकायला माणसं येतच होती. त्यांच्या जलशाचं ठरलं तेव्हा लतानं हट्ट धरला की मला पण तुमच्यासोबत गायचंय. बाबांनी विचारलं, काय गाशील? तर म्हणाली खंबावती, आणि तुमची दोन नाट्यगीतं. खंबावती हा खमाज थाटातला राग, तेव्हा बाबा तिला तोच शिकवत होते. म्हणजे पोरीनं सोपं काहीतरी निवडलं असं नाही, जे चालू शिकणं होतं तेच थेट लोकांसमोर मांडलं. २८ सप्टेंबर १९२९ चा जन्म, त्यामुळं नऊ वर्षं पूर्ण व्हायला अजून १९ दिवस बाकी होते. धाकटी आशा आदल्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, पाच वर्षांची झाली होती.

कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी बापलेकीचा फोटो काढला होता, तो आजही बघायला मिळतो. आधी लता गायली, लोकांना आवडलं, टाळ्या पडल्या. मग बाबा गायला बसले, आणि थोड्या वेळानं ती तिथंच स्टेजवर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली, वडील गातायत, समोर सगळे श्रोते, आणि ही गाढ झोपलेली. हे लतादीदींनी स्वतःच पुढं मुलाखतीत सांगितलंय. मला त्या अख्ख्या रात्रीतलं हेच सगळ्यात जास्त भिडतं. साडेतीन वर्षांनी, २४ एप्रिल १९४२ ला दीनानाथ गेले आणि घर चालवायची जबाबदारी या पोरीवर आली, त्यामुळं वडिलांच्या शेजारी बसून असं निश्चिंत गाणं फार वर्षं तिच्या वाट्याला आलं नाही.

आता अमेरिका. ९ सप्टेंबर १९५६, रविवार रात्र. एड सलिव्हनचा शो तिकडं घरोघरी बघितला जायचा, आणि सलिव्हननं आधी सांगून टाकलं होतं की या पोराला मी बोलावणार नाही, कारण एल्विसच्या कंबर हलवण्यावरून तेव्हा मोठा गोंधळ चालू होता. पण जुलैमध्ये स्टीव्ह अ‍ॅलनच्या शोवर एल्विस आला आणि सलिव्हन प्रेक्षकसंख्येत मागे पडला, मग तीन कार्यक्रमांचे मिळून ५०,००० डॉलर ठरले. गंमत अशी की त्या रात्री सलिव्हन स्वतः नव्हताच, ऑगस्टमध्ये कारच्या अपघातात त्याला जबर मार लागला होता, म्हणून न्यूयॉर्कहून नट चार्ल्स लॉटननं सूत्रसंचालन केलं आणि एल्विस गायला तिकडं दूर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतून. अंदाजे ६ कोटी लोकांनी बघितलं, त्या वेळी टीव्ही लावून बसलेल्यांपैकी ८२.६ टक्के! एक चुकीची समजूत इथं दुरुस्त करायला हवी : एल्विसला फक्त कमरेच्या वरूनच दाखवलं ती गोष्ट या रात्रीची नाही, ती तिसऱ्या वेळची, ६ जानेवारी १९५७ ची. या रात्री त्यानं ‘लव्ह मी टेंडर’ हे संथ गाणंही म्हटलं, ज्याची चाल १८६१ च्या एका जुन्या गाण्याची आहे. रेकॉर्ड अजून बाजारात आली नव्हती तरी दहा लाखांच्या वर आगाऊ ऑर्डरी गेल्या, आणि ती बाजारात आली २८ सप्टेंबरला, म्हणजे लतादीदींच्या वाढदिवशी.

बाकीचं थोडक्यात. सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गाण्याचा प्रकार, गाणाऱ्या ओटिस रेडिंगचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, जॉर्जियातल्या डॉसन गावचा. २६ व्या वर्षी विमान अपघातात गेला, आणि त्याच्या काही दिवस आधी रेकॉर्ड केलेलं, शेवटी शीळ असलेलं गाणं तो गेल्यावर अमेरिकेत पहिल्या नंबरला पोचलं. लेननचा ‘इमॅजिन’ अल्बम १९७१ मध्ये याच दिवशी अमेरिकेत निघाला, इंग्लंडमध्ये त्याला ऑक्टोबर उजाडला.

२००९ ला तारीख पडली ०९-०९-०९. तो मुहूर्त धरून बीटल्सच्या सगळ्या मूळ अल्बमचा आवाज नव्यानं साफ करून ते सीडीवर आणले, अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यावर चार वर्षं काम चाललं होतं. ऑनलाइन विकत घ्यायची सोय तेव्हा नव्हती, ती नोव्हेंबर २०१० मध्ये झाली. आणि २०१४ ला अ‍ॅपलनं यू-टू या आयरिश रॉक बँडचा नवा अल्बम आयट्यून्स या आपल्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानाच्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यात न विचारता फुकट टाकून दिला. लोक इतके वैतागले की आठवड्याभरात तो काढून टाकायची वेगळी सोय करावी लागली. गाणं कितीही चांगलं असू दे, ऐकणाऱ्यानं मागितलेलं नसलं की ते घुसखोरीच वाटतं, निदान मला तरी त्या लोकांचं पटलं होतं.

२०२१ चा ९ सप्टेंबर हा गणपती बसायच्या आदला दिवस होता, इकडं सोलापुरात मांडव, लेझीम, खरेदी सगळी धांदल. त्या दिवशी लतादीदींनी तोच जुना फोटो ट्वीट केला. एका परिचितांनी फोन करून आठवण करून दिली होती, आज ८३ वर्षं झाली, सोलापूरला तुम्ही वडिलांसोबत पहिला कार्यक्रम केला होता. त्यांनी लिहिलं की इतकी वर्षं उलटली असं वाटतच नाही. पुढच्या ६ फेब्रुवारीला, २०२२ मध्ये, त्या गेल्या.