वुडन बाकडं आणि वुडन राजा

आमच्या मामाचा कुडाळजवळ छोटासा होमस्टे आहे, तिथे एक वही ठेवलेली असते आणि निघताना पाहुणे त्यात काहीबाही लिहून जातात. गेल्या वर्षी जत्रांच्या दिवसात बंगळुरूचं एक जोडपं राहिलं होतं, मामाने त्यांना रात्री दहिकाला, म्हणजे जत्रेतलं दशावतारी नाटक, बघायला नेलं, तर वहीत इंग्लिशमध्ये लिहून गेले की वुडन पलंग मस्त, सावंतवाडीची वुडन खेळणी घेतली, नाटक आवडलं पण राजा व्हेरी वुडन होता. मामाने वहीवर मोबाईल धरला, मराठी आलं, 'राजा खूप लाकडी होता'. मामा बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणतो, "राजा नाय रे, बाकडां लाकडाचां होतां."

दशावतारात सिंहासन म्हणजे एक साधं बाकडं, त्यामुळे मामाचं तसं काही चुकलं नाही. घोळ वुडनचा आहे. पलंग वुडन म्हणजे लाकडाचा, सरळ. पण माणूस, अभिनय, हसू, भाषण वुडन म्हणजे त्यात जीव नाही, चेहरा मख्ख, वाक्यं पाठ करून ओकल्यासारखी, हात खांद्यापासून एकदम वर जातो आणि एकदम खाली येतो. मराठीत आपण अशाला ठोकळा म्हणतो. लाकडी म्हणत नाही!

ओळखायचं कसं, तर वुडनच्या आधी 'व्हेरी' लावून बघा. टेबल व्हेरी वुडन असं कोणी म्हणत नाही, कारण टेबल एकतर लाकडाचं असतं नाहीतर नसतं, त्यात थोडं आणि जास्त काय असणार. अभिनय मात्र थोडा वुडन, जास्त वुडन, पहिल्या अंकात बरा आणि दुसऱ्यात वुडन असा काहीही असू शकतो. म्हणजे मोबाईलने जे 'खूप लाकडी' करून दिलं ना, त्या 'खूप'मध्येच उत्तर होतं. वुडनली हे क्रियाविशेषण तर फक्त या दुसऱ्याच अर्थाने वापरतात.

मला यातली खरी गंमत वाटते ती अशी की लाकडाचा लाक्षणिक अर्थ मराठीतही आहे पण आपण लाकडातलं वेगळंच काहीतरी उचललंय. इंग्लिशवाल्यांनी ताठपणा घेतला, आपण सुकेपण आणि सरण घेतलं. तापाने आठ दिवस झोपलेला पोरगा 'वाळून लाकूड झाला', आणि म्हातारा माणूस म्हणतो 'आमची लाकडं मसणात गेली आता'. त्यामुळे राजा लाकडी होता असं वाचलं की मराठी माणसाला वाईट अभिनय आठवतच नाही, एकतर तो बारीक असेल वाटतं नाहीतर गेला बिचारा.

आणि उलटं उदाहरण बघायचं तर कुडाळच्या बाजूलाच पिंगुळी आहे, तिथले ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात (परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री याच कलेसाठी मिळाली). बाहुली शंभर टक्के वुडन, पण दोऱ्या हलल्या की मान अशी वळते की वुडन म्हणायची हिंमत होत नाही. आणि आमचा राजा हाडामांसाचा असून वुडन. एकाच वाक्यात दोन्ही अर्थ बसवायचे असतील तर याहून चांगली जोडी मला तरी सापडली नाही.

गोल्ड आणि गोल्डनचं त्या मानाने सोपं आहे, गोल्ड चेन म्हणजे सोन्याची आणि गोल्डन वाळू म्हणजे सोनेरी, मराठीत ही दोन रूपं आधीच वेगळी असल्याने आपण गोंधळत नाही. ब्रेझन हा मूळचा पितळेचा शब्द, पण आता तो बहुतेक निर्लज्ज याच अर्थाने भेटतो.

मधेच लटकलेला एक वुडन मात्र राहिला, वुडन स्पून. आयपीएलमध्ये जी टीम तळाला राहते तिला वुडन स्पून मिळाला असं छापून येतं, प्रत्यक्षात चमचा वगैरे कोणी देत नाही. पण केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तो खरोखर द्यायचे, ऑनर्स मिळालेल्यांमध्ये जो शेवटचा त्याला पोरं मोठा लाकडी चमचा भेट द्यायची. शेवटचा चमचा १९०९ चा, वल्ह्यापासून केलेला, मीटरभरापेक्षा लांब, त्यात भात काय वाढणार, होडीच वल्हवायची. पुढच्या वर्षापासून निकाल क्रमवारीने लावणंच बंद झालं त्यामुळे शेवटचा कोण हेच कळेना आणि चमचा गेला, शब्द राहिला. त्याच परीक्षेत १८९९ साली बरोबरीने पहिला आला होता तो आपल्या दापोलीजवळच्या मुर्डीचा, रँग्लर परांजपे.

हे सगळं मी मामाला सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि वहीत त्या 'वुडन'च्या शेजारी बॉलपेनने लिहिलं, 'ठोकळो'.